‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही’ : एका त्रुटीचा चाळीस वर्षांचा इतिहास

धागा : कंपनीच्या नेटवर्कवरील डिरेक्टरी सर्व्हरशी जोडणी तुटते तेव्हा नेमके काय तुटलेले असते, आणि त्यावर सर्रास केला जाणारा एक उपाय मूळ दुखण्याहून घातक का ठरतो, याविषयी.

एखाद्या मध्यम आकाराच्या कंपनीत सकाळी दहाच्या सुमारास कुणाचेच लॉगिन होईनासे होते. ई-मेल, व्हीपीएन, पगारपत्रकाचे पोर्टल, इतकेच काय, मजल्यावरचा प्रिंटरसुद्धा माणसे ओळखायचे थांबवतो. पडद्यावर ओळ एकच : ‘एलडॅप सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही.’ सर्व्हर मात्र आपल्या खोलीत सुरळीत चालू असतो. दुसऱ्या एखाद्या यंत्रावरून विचारणा केली तर तो उत्तरही देतो. मग संपर्क तुटला तो कुणाचा, आणि कुठे?

इतिहासाच्या वाचकाला अशी ओळ अनोळखी वाटू नये. ती बखरीच्या जातीची आहे. प्रसंग घडून गेल्यावर, दुसऱ्याच कुणी, आपल्या समजुतीप्रमाणे लिहिलेली. प्रसंग घडला हे खरे. पण तिने सांगितलेले कारण खरे असेलच असे नाही. अस्सल कागद अन्यत्र असतात : सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, आणि तारेवरून प्रत्यक्ष गेलेल्या संदेशांत. ते न पाहता बखरीवर विसंबून उपचार केले, की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते.

प्रथम ही डिरेक्टरी म्हणजे काय ते पाहू. कंपनीत कोण कोण आहे, कोण कोणत्या विभागात मोडतो, कुणाला कशाची परवानगी आहे आणि ‘मी अमुक’ असे म्हणणारा खरोखर तोच आहे का, या प्रश्नांची उत्तरे एका ठिकाणी ठेवणारी ही नामसूची. प्रत्येक अनुप्रयोगाने माणसांची आपापली यादी बाळगण्याऐवजी सर्वांनी या एकाच सूचीला विचारावे, अशी तिची योजना. त्यामुळेच ती अबोल झाली की सगळे कार्यालय अबोल होते.

या सूचीचा उगम एका भव्य स्वप्नात आहे. दूरसंचाराची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणारी सीसीआयटीटी ही संस्था (आजची आयटीयू-टी) आणि आयएसओ यांनी १९८८ मध्ये ‘एक्स.५००’ नावाची मानकमालिका प्रसिद्ध केली. साऱ्या जगाची एकच डिरेक्टरी असावी, तिचा आकार वृक्षाचा असावा, देश ही त्याची पहिली फांदी, संस्था ही दुसरी, विभाग ही तिसरी आणि व्यक्ती हे पान, अशी ही कल्पना होती. टेलिफोन खात्यांच्या जगात वाढलेल्या माणसांना ती सहज सुचली यात नवल नाही. प्रत्येक देशाने आपली फांदी सांभाळायची आणि साऱ्या जगाने ती वाचायची.

स्वप्न मोठे होते आणि त्याचे वाहनही तितकेच जड. एक्स.५०० शी बोलण्याची मूळ भाषा ओएसआय नावाच्या सातमजली संचरचनेवर उभी होती, आणि त्या काळच्या वैयक्तिक संगणकांना ती रचना पेलत नव्हती. मिशिगन विद्यापीठातील टिम हाउझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर आडवाट शोधली. १९९१ मध्ये त्यांनी ‘डिक्सी’ नावाचा एक सुटसुटीत संकेत प्रसिद्ध केला. पाठोपाठ जुलै १९९३ मध्ये वेंगयिक याँग, टिम हाउझ आणि स्टीव्ह किल यांच्या नावावर आरएफसी १४८७ आला. (आरएफसी म्हणजे इंटरनेटची मानके ज्यांत प्रसिद्ध होतात ती क्रमांकित पत्रके.) आज एलडॅप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भाषेचा हा जन्मदाखला. नावातला ‘एल’ हा ‘लाइटवेट’चा, म्हणजे हलकेपणाचा. आरंभी एलडॅप ही स्वतंत्र डिरेक्टरी नव्हतीच. ती केवळ एक देवडी होती. इकडे साध्या टीसीपी जोडणीवर विचारणा घ्यायची आणि आत एक्स.५०० च्या वाड्यात निरोप पोचवायचा. पुढे मिशिगनमध्येच स्वतःच्या पायावर उभा राहणारा एलडॅप सर्व्हर तयार झाला. वाडा ओस पडला, देवडी तेवढी नांदती राहिली.

इथे या इतिहासातले सर्वांत कमी वाचले गेलेले पान येते. डिसेंबर १९९७ मध्ये एलडॅपची तिसरी आवृत्ती आरएफसी २२५१ म्हणून प्रसिद्ध झाली, आणि तिच्या पहिल्याच पानावर इंटरनेट मानकांवर देखरेख करणाऱ्या आयईएसजी या मंडळाने इशारा छापला. आशय असा : या भाषेतून डिरेक्टरीत बदलही करता येतात, बदलासाठी ओळखीची भक्कम पडताळणी हवी, तशी कोणतीही समाधानकारक पडताळणी हे मानक बंधनकारक करत नाही, तेव्हा ती व्यवस्था प्रसिद्ध होईपर्यंत बदलाची सोय असलेली साधने वापरात आणू नयेत. एखाद्या मानकाच्या कपाळी त्याच्याच पालकांनी असा मजकूर लिहावा, ही असाधारण गोष्ट होती. ती व्यवस्था मे २००० मध्ये आरएफसी २८२९ आणि २८३० या जोडीने आली. मधल्या काळात बाजार थांबला नव्हता. फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० बाजारात आले, त्यासोबत अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आली, आणि एलडॅप हा जगभरच्या कार्यालयांचा पाया बनला.

पडताळणी ही पुढून लावलेली ठिगळे आहेत, आणि जोडणीचे बहुतेक दोष या ठिगळांच्या शिवणीवरच उसवतात, असे विधान केले तर ते अतिशयोक्त ठरू नये. म्हणून दोष शोधणाऱ्याने वरच्या ओळीवर थांबू नये. प्रत्येक थर कधी आला आणि काय गृहीत धरून आला, हे लक्षात ठेवून खालून वर यावे.

सर्वांत खालचा थर नावाचा. अर्पानेटच्या काळी त्या नेटवर्कवरील सर्व संगणकांची नावे एका फाइलमध्ये मावत असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखालील केंद्र ती ‘होस्ट्‌स’ फाइल सांभाळत असे आणि इतरांनी तिची प्रत उतरवून घ्यायची असे. यंत्रे वाढली तशी ही पद्धत मोडकळीस आली, आणि १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. डिरेक्टरी सर्व्हर कोणत्या यंत्रावर आहे हे आज ग्राहक-संगणक डीएनएसलाच विचारतो; त्यासाठी ‘एसआरव्ही’ नावाच्या खास नोंदी असतात. संगणकाला कंपनीच्या डीएनएसऐवजी बाहेरचा सार्वजनिक डीएनएस नेमून दिला असेल, तर त्याला इंटरनेटवरचे सारे काही दिसते आणि आपल्याच घरचा सर्व्हर तेवढा दिसत नाही. ‘नेट चालू आहे, म्हणजे नेटवर्कचा दोष नाही’ हा निष्कर्ष इथेच फसतो.

याहून मौजेची गोष्ट अशी की ती जुनी होस्ट्‌स फाइल मेलेली नाही. प्रत्येक संगणकात तिचा वंशज नांदतो आहे आणि बहुतेक ठिकाणी त्याचा शब्द डीएनएसच्या आधी ऐकला जातो. चार वर्षांपूर्वी कुणी घाईत तिच्यात सर्व्हरचा पत्ता लिहून ठेवलेला असतो. सर्व्हर बदलला, डीएनएस सुधारला, तो माणूस नोकरी सोडून गेला. ती ओळ मात्र तशीच. अनेक दिवसांचे गूढ अशा एका ओळीत उलगडते.

वाटेचा, म्हणजे पोर्टचा थर थोडक्यात आटोपता येतो. एलडॅपचे ठरलेले दार ३८९. आरंभापासून कूटबद्ध बोलणाऱ्यांचे ६३६. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत अनेक डोमेनांची एकत्र सूची हवी असेल तर ३२६८ आणि ३२६९. ‘पिंग’ला उत्तर आले म्हणजे दार उघडे आहे असे नव्हे, पिंग वेगळ्याच वाटेने जातो. ‘जोडणी नाकारली’ असे तत्काळ उत्तर आले तर तो नकार बहुधा यंत्रानेच दिलेला असतो : यंत्र जागे आहे, त्या दारामागे मात्र कुणी बसलेले नाही. उत्तरच आले नाही आणि ग्राहक ताटकळत राहिला, तर मधल्या फायरवॉलवर संशय घ्यावा. एक छुपा दोषही असतो. जोडणी बराच वेळ निष्क्रिय राहिली की अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी ती मूळ मांडणीनुसार ९०० सेकंदांनी बंद करते, आणि मधली फायरवॉल तर कित्येकदा त्याच्याही आधी, कुणालाच न कळवता, तिची नोंद पुसते. अनुप्रयोगाला वाटते जोडणी जिवंत आहे. म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतरचे पहिले लॉगिन फसते आणि दुसरे चालते. तक्रार करणाऱ्याला लोक वेड्यात काढतात.

आता प्रमाणपत्राचा, म्हणजे सर्टिफिकेटचा थर. या विषयाचा खरा कज्जा इथे आहे, म्हणून इथे थोडे थांबणे भाग आहे.

संकेतस्थळाच्या कुलपावर क्लिक केले की दिसणारे प्रमाणपत्र ‘एक्स.५०९’ या मानकाचे असते. आकड्यावरून ओळख पटावी : ते १९८८ च्या त्याच एक्स.५०० कुटुंबातले. डिरेक्टरीला विचारणा करणारा खरा कोण, हे ठरवण्यासाठी ते लिहिले गेले. जगव्यापी डिरेक्टरीचे स्वप्न विरले, पण तिचा रखवालदार सगळ्या इंटरनेटने कामावर ठेवून घेतला. आजही प्रमाणपत्रात देश, संस्था, नाव असा जो क्रम आढळतो, तो त्या कधीच पूर्ण न उगवलेल्या वृक्षाच्या फांद्यांचा आहे.

डिरेक्टरी सर्व्हरशी कूटबद्ध जोडणी होताना ग्राहकाने तीन गोष्टी पाहायच्या असतात. प्रमाणपत्र विश्वासातल्या संस्थेने दिले आहे का, त्याची मुदत उरली आहे का, आणि त्यावरचे नाव ज्याला हाक मारली त्याचेच आहे का. यांपैकी एक जरी चुकले तरी प्रामाणिक ग्राहक जोडणी तोडतो. तोडल्यावर काय सांगतो? ओपनएलडॅपच्या साधनांत याही प्रसंगी बहुतेकदा तीच ओळ येते : ‘एलडॅप सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही.’ वस्तुतः संपर्क झालेला असतो. अविश्वासापोटी ग्राहकाने तो स्वतः तोडलेला असतो. बखर खोटे बोलते ती अशी.

जुलै २०१८ मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीचे १८१ क्रमांकाचे अद्ययावतीकरण आले. त्यात एलडॅपच्या कूटबद्ध जोडणीसाठी प्रमाणपत्रावरील नाव जुळवून पाहण्याचा नियम आपोआप लागू झाला. वर्षानुवर्षे चालत आलेल्या जोडण्या त्यामुळे तुटल्या. त्या तुटल्या याचा अर्थ त्यांतले नाव तोवर कुणी तपासलेच नव्हते. कुठे ग्राहक आयपी पत्त्याने हाक मारत होता, कुठे जुन्या टोपणनावाने. अद्ययावतीकरणाने दोष निर्माण केला नाही, झाकलेला उघडा केला. त्याच अद्ययावतीकरणात तो नियम बंद करण्याची एक कळही दिलेली होती, आणि ती कळ दाबा हा सल्ला तेव्हापासून हातोहात फिरतो आहे.

ओपनएलडॅपच्या मांडणीतही अशी एक ओळ लिहिता येते की समोरच्याच्या प्रमाणपत्राची पर्वा करू नये. ती लिहिताच त्रुटी नाहीशी होते, लॉगिन सुरू होते, फोन वाजायचे थांबतात. पण त्या क्षणापासून अनुप्रयोग वाटेत जो कुणी ‘मी डिरेक्टरी’ म्हणेल त्याच्या हाती पासवर्ड ठेवू लागतो. एलडॅपच्या साध्या ‘बाइंड’मध्ये पासवर्ड जसाच्या तसा जातो, त्यावरचे एकमेव पांघरूण म्हणजे ती कूटबद्ध जोडणी. पांघरूण कुणाच्या अंगावर घातले हेच पाहायचे नसेल, तर ते असून नसल्यासारखे. आणि हे पासवर्ड एकट्यादुकट्याचे नसतात. सकाळपासून लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाचा, शिवाय खुद्द अनुप्रयोगाच्या सेवा-खात्याचा, ज्याला पुष्कळदा सारी सूची वाचायची मुभा असते.

या टीकेला एक प्रामाणिक उत्तर आहे आणि ते डावलता कामा नये. रात्री दोन वाजता, रुग्णालयाची किंवा कारखान्याची पाळी खोळंबली असताना, तंत्रज्ञाने प्रमाणपत्रांच्या साखळीचे तत्त्वज्ञान उलगडत बसावे अशी अपेक्षा अन्याय्य आहे. निदानापुरती पडताळणी बाजूला ठेवून पाहण्यालाही आक्षेप नाही : ती काढल्यावर जोडणी होत असेल, तर दोष प्रमाणपत्रात आहे हे सिद्ध होते. परंतु तो प्रयोग एखाद्या बिनअधिकाराच्या चाचणी-खात्याने, वेगळ्या साधनातून करावा आणि तिथेच संपवावा. प्रयोगशाळेतली गोष्ट चालत्या व्यवस्थेत कायमची ठेवणे ही दुरुस्ती नव्हे. खरी दुरुस्ती बहुधा अर्ध्या तासाची असते : कंपनीच्या अंतर्गत प्रमाणपत्र-संस्थेचे मूळ प्रमाणपत्र ग्राहकाच्या कोठारात घालणे (जावाचे अनुप्रयोग हे कोठार बहुधा वेगळे बाळगतात, म्हणून ब्राउझर चालतो आणि ते चालत नाहीत), किंवा हाक मारण्याचे नाव बदलून प्रमाणपत्रावरचे नाव वापरणे.

दोष एकट्या तंत्रज्ञांचा नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये जाहीर केले की डोमेन कंट्रोलरवर एलडॅप संदेशांची सही लवकरच मूळ मांडणीनुसार सक्तीची होईल. मार्च २०२० च्या अद्ययावतीकरणात नोंदी आणि नव्या मांडण्या आल्या. सक्ती पुढे ढकलली गेली. कारण उघड होते. जगभरच्या कार्यालयांत सही न करता, कूटबद्धतेशिवाय बोलणारे प्रिंटर, स्कॅनर आणि जुने अनुप्रयोग इतके होते की नियम लावताच ती कार्यालये ठप्प झाली असती. १९९७ चा इशारा आणि २०२० ची ही माघार यांत तेवीस वर्षांचे अंतर आहे. ज्यांनी मधल्या काळात सोय पाहून पडताळणी टाळली, त्यांचे कर्ज पुढच्यांच्या नावे चढत गेले.

घड्याळाचा थर वेगळ्या घराण्यातला. मॅसॅच्युसेट्समधील एमआयटीत १९८३ मध्ये अथीना प्रकल्प सुरू झाला. त्यातून केर्बरॉस ही ओळख-पद्धती निघाली; ग्रीक पुराणातल्या तीन तोंडांच्या कुत्र्याचे नाव तिला मिळाले. पासवर्ड नेटवर्कवर पाठवायचाच नाही, त्याऐवजी मुदतीचे तिकीट दाखवायचे, ही तिची युक्ती. चोराने जुना संदेश टिपून पुन्हा वापरू नये म्हणून संदेशावर वेळेचा शिक्का असतो, आणि दोन घड्याळांतील फरक सर्वसाधारणपणे पाच मिनिटांपर्यंतच चालतो. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीने हीच पद्धत स्वीकारली. म्हणून झोपेतून उठवलेल्या आभासी यंत्राचे घड्याळ सात मिनिटे मागे असेल, तर पासवर्ड बरोबर, नाव बरोबर, वाट मोकळी आणि तरीही प्रवेश नाही. तपासणीत घड्याळ पाहायला दहा सेकंद लागतात. ते शेवटी पाहण्याची रीत का पडली असावी, हे कळत नाही.

हे सगळे थर पार झाले की मगच पासवर्डचा प्रश्न येतो. तिथे सर्व्हर ४९ हा आकडा उच्चारतो : ओळख अमान्य. तो याहून अधिक बोलत नाही, आणि हे मौन हेतुपुरस्सर आहे. ‘असे नाव नाही’ आणि ‘पासवर्ड चुकला’ यांतला फरक कळला, तर अनोळखी माणूस एकेक नाव टाकून सगळी सूची चाचपून घेईल. म्हणून तो ताकास तूर लागू देत नाही. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी मात्र त्या ४९ च्या शेपटाला एक उपसंकेत जोडते, आणि अनुप्रयोगाच्या लॉगमध्ये तो सापडतो. ५२ई म्हणजे पासवर्ड चुकला, ५२५ म्हणजे असा वापरकर्ताच नाही, ५३२ म्हणजे पासवर्डची मुदत संपली, ५३३ म्हणजे खाते बंद केलेले, ७७५ म्हणजे खात्याला कुलूप लागले. यांतला ७७५ फार बोलका. सेवा-खात्याचा पासवर्ड बदलला गेला, पण कुठल्यातरी विस्मृत यंत्रावर रात्री चालणाऱ्या कामात जुनाच राहिला. ते यंत्र निष्ठेने दर काही मिनिटांनी चुकीचा पासवर्ड सांगत राहते आणि खाते पुनःपुन्हा कुलूपबंद होते. तक्रार येते ती मात्र भलत्याच अनुप्रयोगाकडून.

आणि एक प्रकार असा आहे ज्यात कोणतीही त्रुटी दिसत नाही. एलडॅपच्या नियमांत, नाव दिले पण पासवर्ड रिकामा ठेवला, तर ती विचारणा ‘ओळख न दिलेली’ म्हणून धरली जाते, आणि अनेक सर्व्हर तिला ‘यशस्वी’ असे उत्तर देत आले आहेत. सर्व्हरच्या दृष्टीने ते योग्यच. त्याने निनावी पाहुण्याला ओसरीवर घेतले इतकेच. पण अनुप्रयोगाने ‘बाइंड यशस्वी झाले का’ एवढेच विचारले असेल, तर त्याच्या लेखी हा माणूस त्या नावाचा मालक ठरतो. जून २००६ च्या आरएफसी ४५१३ ने सांगितले की सर्व्हरने अशी विचारणा मूळ मांडणीतच नाकारावी आणि ग्राहकाने रिकामा पासवर्ड पुढे पाठवू नये. दोन्ही ‘करावे’ या स्वरात, ‘केलेच पाहिजे’ या स्वरात नव्हे. तेव्हा जोडणी दुरुस्त झाल्याचे कळवण्यापूर्वी आणखी एक चाचणी उरते : एखादे खरे नाव टाकायचे, पासवर्डची जागा कोरी ठेवायची आणि दार उघडते का ते पाहायचे. उघडले, तर सकाळची तक्रार मिटली असली तरी काम संपलेले नाही.